वाघाडीवरचा पिंपांचा पूल

छप्पन सालच्या दिवाळीनंतर आमच्या यवतमाळच्या घरी पहिल्यांदा पलटण जेवायला आली. मी तेव्हा मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. शाळेतून घरी येऊन पाहते तो काय, अंगणभर माणसं. कुणी धोतर-बंडीत, कुणी जुन्या खाकी अर्ध्या चड्डीत, एक तर चक्क लग्नातला फेटा बांधून आलेला. आणि मधोमध आमचे हे. बांधकाम खात्यात दिवसभर नकाशे काढणारे, कुणाशी चार शब्द धड न बोलणारे आमचे हे, एका धिप्पाड बंजारी माणसाच्या गळ्यात हात टाकून मोठमोठ्यानं गात होते. सासूबाई दाराआडून मला हळूच म्हणाल्या, "हा आपलाच आहे ना गं?"

आमच्या सासरी सगळी कचेरीतली माणसं. त्यातून हे एकटेच घरच्यांशी भांडून मोठ्या युद्धात गेले होते, तेही सफरमैनांच्या पलटणीत. सफरमैना म्हणजे पूल बांधणारी, रस्ते काढणारी, सुरुंग लावणारी पलटण. त्यांच्या हातात बंदुकीपेक्षा कुदळ जास्त. यांचं अक्षर चांगलं, हात स्थिर, म्हणून हे कंपनीचे नकाशेवाले झाले आणि ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आले. परत आल्यावर त्याबद्दल घरात कधी बोलले नाहीत. ट्रंकेत एक जाड कांबळं आणि एक पितळी बिल्ला होता, एवढंच मला ठाऊक.

मग त्या वर्षी रस्त्याच्या मोजणीसाठी हे घाटंजीला गेले. बाजाराचा दिवस होता. गर्दीत कुणीतरी मागून यांची मान धरली आणि "नकाशेवाल्या, सलाम कोन करन?" असं ओरडलं. तो हा धिप्पाड माणूस. पलटणीतला जमादार. घाटंजीजवळच्या तांड्यावर त्याची शेती. त्याच्या आजाच्या वेळेपर्यंत त्यांचं घराणं बैलांवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरायचं. आता ते स्थिर झाले होते, पण जमादाराच्या पायातली चाल गेली नव्हती. त्यानंच मग गावोगाव फिरून कंपनीतले जुने लोक शोधून काढले. केळापूरचा सुतार, पैनगंगेकाठचा भोई, वणीकडचे काही, दारव्ह्याकडचे काही. आणि ही सगळी माणसं त्या दिवशी माझ्या अंगणात बसून भाताची वाट पाहत होती.

मला वाटलं होतं, एकदा भेटले, झालं. पण दुसऱ्या वर्षी ते पुन्हा आले, आणि जमादारानं हुकूम सोडला होता की बायकांनाही आणायचं. "आमच्या मागं यायनं काय कमी नोकरी केली?" असं तो म्हणाला. तेव्हापासून माझी आणि या बायांची ओळख झाली. जमादारीणबाई फेटिया-काचळी, म्हणजे त्यांचा घागरा-चोळी, घालून, दंडभर बांगड्या वाजवत यायच्या आणि थेट चुलीचा ताबा घ्यायच्या. सुताराची बायको बारीक, हळू बोलणारी, पण तिच्या हातची ज्वारीची भाकरी परातीएवढी व्हायची. सासूबाईंनी सुरुवातीला सोवळ्याओवळ्याचं थोडं कुरकुरून पाहिलं. जमादारीणबाईंनी त्यांच्या गुडघ्यांना करंजाचं तेल चोळून दिल्यावर तेही संपलं.

जेवणं झाली की इतिहास लिहायचा, असं त्यांचं ठरलेलं असे. आपली कंपनी कशी होती, कुठं कुठं गेली, काय काय बांधलं, ते आपल्यामागं कुणाला कळणार? म्हणून यांनी लिहून काढायचं आणि बाकीच्यांनी सांगायचं. सुरुवात जोरात व्हायची. भरतीच्या दिवशी भोई वजनात बसावा म्हणून पोटभर पाणी प्याला, ते सांगून झालं की सगळे हसून लोळायचे. खेचरं बोटीत चढवण्याचा प्रसंग दरवर्षी नव्यानं वाढायचा. मग जंगल यायचं, चिखल यायचा, आणि मग एक नदी यायची.

नदी आली की इतिहास थांबायचा.

कुणाला तरी तंबाखू हवी व्हायची. कुणी उठून बैलांना पाणी दाखवायला जायचं. हे लेखणी पुसत बसायचे. तिसऱ्या वर्षी मी हे नीट पाहिलं आणि स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "त्या नदीवर काय झालं होतं हो?"

सुताराची बायको पीठ मळायची थांबली. म्हणाली, "माहा माणूस झोपीत मुठी आवळतो. 'सुटला, सुटला' म्हनतो. काय सुटलं, ते सांगत नाई."

जमादारीणबाई म्हणाल्या, "आमचा राजूरच्या रस्त्यानं जात नाई. वणीले जायाचं काम पडलं तं दुरून फेरा घालून जाते. इचारलं तं खेकसते."

आणि मग मला आमच्या घरातली गोष्ट आठवली. हे साधी कपडे वाळत घालायची दोरी बांधायची असली तरी दोनदा, तीनदा मोजत. मी हसायची त्यांना. त्या दिवशी हसू आलं नाही.

भोयाची बायको तोवर गप्प होती. तिलाच सगळ्यात जास्त ठाऊक होतं, कारण भोई बोलका. तिनं सांगितलं की राजूरचा एक गडी या कंपनीत होता. पूल बांधताना त्या नदीत गेला. त्याची बायको अजून राजूरलाच असते, चुनाभट्टीवर कामाला जाते. आणि इतक्या वर्षांत यांच्यातला एकही माणूस तिच्या दारी गेलेला नाही.

चुलीवर डाळ खदखदत होती, तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. जमादारीणबाई पदर खोचत म्हणाल्या, "मंग आपुन जाऊ."

पुढच्या आठवड्यात आम्ही चौघी मोटारीनं वणीला आणि तिथून बैलगाडीनं राजूरला गेलो. चुनाभट्टीवर धूर होता आणि सगळीकडं पांढरी भुकटी. टोपली उतरवून एक उंच बाई आमच्याकडं आली. तिच्या भुवया, पापण्या, हात, सगळं चुन्यानं पांढरं. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिनं पदरानं तोंडावरचा चुना पुसला. मग म्हणाली,

"राज बदललं. इंग्रज गेला. आनि तुमी आत्ता आल्या?"

ती भट्टीच्या सावलीत बसली आणि आम्हालाही बसायला जागा करून दिली. सरकारातून तिला फक्त एवढं कळलं होतं की नवरा पाण्यात बुडून मेला. पुढं काही नाही. "अन् गाव काय म्हनते, ऐका," ती म्हणाली. "माहा माणूस वर्धेच्या पुरात पोहून पलीकडून बैल आननारा. तो बुडन कसा? तं लोक म्हनते, पेला असन. पिऊन पडला असन. माह्या सासऱ्यानं हेच ऐकत डोये मिटले. आता माहा पोरगा ऐकते."

मी म्हणाले, "आमच्याकडं या. पुढच्या वर्षी सगळे जमतील तेव्हा या. ते सांगतील तुम्हाला."

"जेवाले नाई येत मी," ती ताडकन म्हणाली. "अन् सांगूनबी नका मले. सांगनारे लय भेटले. मले दाखवा. तो पूल कसा होता, तो कुठं उभा होता, त्यायचे बाकीचे गडी कुठं होते, ते दाखवा. दाखवतान तं येतो."

आमच्याकडच्या बायाही 'येते' न म्हणता 'येतो'च म्हणतात, पण तिच्या तोंडचा तो 'येतो' मला कुणा हवालदारानं दिलेल्या हुकमासारखा वाटला.

घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं. यांनी जेवताना हातातला घास ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी घाटंजीला गेले, ते जमादाराला घेऊनच आले. एवढा धिप्पाड माणूस, आमच्या ओट्यावर बसून मुलासारखा रडला. रडून झाल्यावर डोळे पुसले, मिशा सारख्या केल्या आणि म्हणाला,

"दाखवू. वयनीले दाखवू. पुरा पूल बांधून दाखवू."

"अहो पण कुठं?" मी विचारलं.

"माह्या तांड्याखाली. वाघाडीवर."

वाघाडी नदी घाटंजीच्या अंगावरून वाहते. तांडा तिच्या पलीकडच्या अंगाला. पावसाळा सरला तरी कार्तिकापर्यंत मधल्या डोहात पाणी पुरुषभर असायचं. तांड्यावरच्या बायका बाजाराला यायच्या त्या लांबचा उतार गाठून, कमरेपर्यंत भिजून, डोईवरची गाठोडी सावरत.

पण तयारी व्हायलाच साठ साल उजाडलं. त्या वर्षी महाराष्ट्र झाला, गावोगाव मिरवणुका निघाल्या. आमच्या घरी मात्र चर्चा फक्त पिंपांची. पूल करायचा तो ब्रह्मदेशातल्यासारखाच, रिकाम्या पिंपांवर तरंगता. नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत वरच्या अंगाला एक जाड दोर ताणायचा. पिंपं जोडून त्यांचे तराफे करायचे, एकेक तराफा पाण्यात लोटायचा, जाड दोराला बांधायचा, आधीच्या तराफ्याला जोडायचा आणि वर बांबूची तट्टी अंथरायची. ऐकायला सोपं. पिंपं कुठून आणायची? घाटंजीच्या जिनिंगच्या मॅनेजरकडं हे आणि जमादार तेल्याच्या बैलासारखे फेऱ्या घालत राहिले. मॅनेजर शेवटी कंटाळून म्हणाला, "न्या, पण भोकं पडली तर तुम्हीच भरा." सुतारानं केळापूरहून लांब लाकडी बल्ल्या आणल्या. बांबू तांड्यावरचेच. दोर मात्र हवा तेवढा लांब कुठंच मिळेना. अखेर दोन दोर आणले आणि मध्ये जोडायचे ठरवलं. ते ठरलं तेव्हा हे आणि सुतार एकमेकांकडं बघत राहिले. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

कार्तिकात सगळे तांड्यावर जमले. ती माणसं आता चाळिशी ओलांडलेली, कुणाचं पोट सुटलेलं, कुणाचा गुडघा धरलेला. भोयाची खाकी चड्डी तर कमरेला बसेचना, ती त्यानं सुतळीनं बांधली. पहिल्या दिवशी तांड्यावरची पोरं त्यांना हसत होती. पहिला तराफा पाण्यात लोटला तो एका अंगावर कलंडला आणि दारव्ह्याचा एक जण पिंपासकट वाहत गेला. त्याला खाली झुडपातून ओढून काढला. जमादारानं मग शिट्टी काढली. जुनीच शिट्टी. ती वाजली आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्या सगळ्यांच्या पाठी सरळ झाल्या. त्यानंतर कुणी हसलं नाही. हाका आखूड झाल्या, हात भराभर चालायला लागले. आमचे हे, ज्यांना मी घरी कधी खिळा ठोकताना पाहिलं नव्हतं, ते छातीएवढ्या पाण्यात उभं राहून मेख ठोकत होते आणि ओरडत होते, "अजून चार बोटं वर! वर म्हणतोय ना!"

राजूरची बाई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. सोबत तिचा मुलगा, चांगला मिसरूड फुटलेला. जमादारानं समोर जाऊन तिला हात जोडले, पण ती थांबली नाही, सरळ काठावर येऊन दगडावर बसली. "बांधा," एवढंच म्हणाली.

तेव्हा पूल निम्मा झाला होता. आता जो तो आपल्या त्या दिवशीच्या जागेवर जाऊन उभा राहिला. सुतार या काठावर, जाड दोराचं टोक धरून. जमादार थोडा उंचावर, जिथून हाका द्यायच्या तिथं. हे मेखेपाशी. आणि मधल्या तराफ्यावर, जिथं तो राजूरचा गडी होता, तिथं भोई. त्यानं कमरेला बारीक दोर बांधला आणि त्याचं दुसरं टोक तराफ्याच्या बल्लीला. पाण्यात पडलो तर वाहून जाऊ नये म्हणून तेव्हाही सगळे असाच दोर बांधत.

सगळे उभे राहिले आणि पुन्हा ती शांतता आली, माझ्या अंगणात यायची तीच. राजूरच्या बाईनं मान वर केली. "सांगा ना आता. काय झालं?"

पहिला सुतार बोलला. "वयनी, डोंगरात पाऊस झालता. संध्याकायी पानी अचानक वाढलं. मधल्या सांध्यापाशी दोर सरकाले लागला. मी हिकडून वढत होतो. माह्या हातून हातभर सुटला. हिसका बसला अन् तो गेला. माह्यामुळं गेला."

"नाई," जमादार वरून म्हणाला. "पानी वाढलेलं मले दिसलतं. मी त्याले वापस बोलवाले पायजे होतं. मी म्हटलं, एवढा तराफा होऊ दे. हुकूम माहा होता."

मग आमचे हे बोलले. पाण्यातच उभे होते. "पात्र मी मोजलं होतं. माझं माप बरोबर असतं तर दोर एकसंध आणला असता. सांधा लागलाच नसता."

मी काठावर उभी होते. तिघं इतकी वर्षं एका पंगतीत जेवले होते, आणि प्रत्येक जण मनात आपल्यालाच दोषी धरून बसला होता. एकमेकांना सांगितलं मात्र कुणी नव्हतं.

राजूरची बाई त्या तिघांकडं पाहत होती. रागावेल असं वाटलं मला. ती म्हणाली, "मले दाखवा म्हटलं होतं. दोर सरकला, मंग?"

जमादारानं शिट्टी दिली. सुतारानं दोर हातभर सैल सोडला. हिसका बसला, सगळा निम्मा पूल खालच्या अंगाला बाकला, पण भोई तराफ्यावर तसाच उभा राहिला. नुसता गुडघ्यात वाकला आणि सावरला.

"पडलो नाई गा मी," भोई ओरडला. "यानं पडत नाई मानूस!" आणि लगेच, "पन हा सांधा सरकून राह्यला!"

खरंच सरकत होता. दोन दोरांची गाठ ओली होऊन हळूहळू सुटत होती. भोई तराफ्याच्या कडेला पालथा पडला, हात लांब केला. गाठ त्याच्या बोटांपासून थोडी पलीकडं होती. त्यानं अंग ताणलं. कमरेचा दोर ताठ झाला आणि त्याला मागं ओढायला लागला.

"पोचत नाई!"

"मंग तो कसा पोचला?" राजूरची बाई उभी राहून म्हणाली.

ती पाण्यात दोन पावलं पुढं आली. "त्या दिवशी गाठ सुटली का? तुमचा पूल वाहून गेला का?"

"नाई," जमादार म्हणाला, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलायला लागला. "पूल राह्यला. सकायी त्याच्यावरून सारी फौज गेली. गाठ... गाठीवर बारीक दोर गुंडाळून बांधला होता कोनं तरी. करकचून बांधला होता." तो सुताराकडं वळला. "तुनं बांधला ना तो?"

"मी? मी त हिकडं टोकाशी होतो. मले वाटलं तुमी कोनाले पाठवलं असन."

दोघांनी यांच्याकडं पाहिलं. यांनी मान हलवली. भोई अजून तराफ्यावर पालथा पडून होता. तो सावकाश उठून बसला, कमरेच्या दोराला हात लावला आणि म्हणाला,

"कमरेचा सोडल्याबिगर इथं हात पोचत नाई. अन् गाठ बांधाले इथं दुसरा दोरच कुठं हाये?"

मग सुतारानं "अरे देवा" म्हणून कपाळाला हात लावला. जमादार उंचवट्यावरून उतरून आला, राजूरच्या बाईसमोर उभा राहिला आणि सावकाश, एकेक शब्द वेगळा करून म्हणाला, "वयनी, त्या वक्ती त्याच्या पुढच्या तराफ्यावर आमचे गडी होते. गाठ सुटली असती तं ते सारे गेले असते. त्यानं सोताचा दोर सोडला अन् गाठीले बांधला, मंग लोंढ्यात त्याले धरून ठेवाले काईच राह्यलं नाई. तो पडला नाई. त्यानं पूल धरला."

मग तिनं मुलाकडं वळून विचारलं, "ऐकलं का रे?"

"ऐकलं, माय."

"आता गावात सांगजो." आणि मग इतक्या मोठ्यानं हसली की मी दचकलेच. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. "मी म्हनतच होतो! तो बुडनाराच नाई म्हनून मी म्हनतच होतो!" जमादारीणबाईंनी धावत जाऊन तिला मिठी मारली.

पूल पुरा व्हायला दुपार झाली. गाठीवर आता चांगला जाड दोर गुंडाळला, सुतारानं स्वतः जाऊन. शेवटचा तराफा पलीकडच्या मेखेला लागला तेव्हा तांड्यावरून ढोल वाजायला लागले. तो नेमका बाजाराचा दिवस. ढोल ऐकून बाजारातली माणसं काठावर गोळा झाली. जमादार राजूरच्या बाईला म्हणाला, "चला वयनी, तुमाले हात धरून नेतो."

"हात कायले? तो पलीकडं पोचला नाई. मी जातो."

तिनं वहाणा काठावर काढल्या आणि पुलावर पाय ठेवला. कुणी शिट्टी दिली नाही, कुणी हुकूम सोडला नाही. पण ती सगळी माणसं, ओली, चिखलानं माखलेली, दोन्ही काठांवर ताठ उभी राहिली आणि त्यांनी सलामीला हात वर नेले. भोयानं एका हातानं चड्डी धरली होती, दुसऱ्यानं सलाम. ती मधल्या तराफ्यावर थांबली, वाकून गाठ हातानं ओढून पाहिली, काहीतरी पुटपुटली आणि पुढं चालायला लागली. पलीकडं पोचल्यावर तिनं वळून दोन्ही हात वर केले.

"या! सारे या!"

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. तांड्यावरच्या बायका गाठोडी घेऊन निघाल्या. शेळ्या निघाल्या. एक म्हातारा खांद्यावर सायकल घेऊन आला. जिनिंगचा मॅनेजर चप्पल हातात घेऊन, "माझी पिंपं, माझी पिंपं" म्हणत दोनदा जाऊन आला. सासूबाईंना आणलं होतं गाडीत घालून, त्याही म्हणाल्या, "मलाही ने गं." मी त्यांना धरून नेलं. पूल पायाखाली हलत होता, बांबू करकरत होते. मधल्या तराफ्यावर पाणी पायांना लागलं आणि त्या लहान मुलीसारख्या खिदळल्या.

संध्याकाळपर्यंत तांड्यावर जेवणं चालली. बंजारी बायांनी फेर धरला आणि राजूरच्या बाईला मध्ये ओढलं. आधी ती नको नको म्हणत होती, मग पदर खोचून अशी नाचली की तिचा मुलगा तोंड लपवत होता. सुतार एका कडेला चटईवर गाढ झोपला होता. त्याची बायको त्याच्या उशाशी बसून मला म्हणाली, "पाह्य, मुठी मोकळ्या हायेत."

तेव्हापासून दर कार्तिकात पूल व्हायला लागला. पाणी पार ओसरेपर्यंत तांडा त्यावरून बाजाराला जायचा. राजूरची बाई आता आधीच येऊन बसायची आणि पूल बांधताना तीच गोष्ट सांगायची. कुणी मध्ये दुरुस्ती करायला गेला तर गप्प करायची. यांनी लिहायला घेतलेला इतिहासही मग नदीपाशी थांबला नाही. पण खरं सांगायचं तर तो वाचायला कुणी मागत नसे, जो तो काठावर ऐकायलाच यायचा.

बासष्टच्या लढाईनंतर एकदा फौजेतला एक तरुण कॅप्टन जीप घेऊन आला. जुन्या सफरमैनांच्या आठवणी लिहून घेण्याचं काम त्याच्याकडं होतं. इस्त्रीचे कपडे, चकचकीत बूट. तो कार्तिकातच आला, काठावर उभा राहून जमादाराला म्हणाला, "बाबा, मला सगळं पहिल्यापासून सांगा. मला पुस्तकात लिहायचं आहे."

जमादार पाण्यात होता. त्यानं साहेबाला नीट सलाम केला. मग राजूरच्या बाईनं दगडावरूनच कॅप्टनकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली,

"बूट काढ बाबू. अन् तिकडून बल्ली धर. मंग सांगतो."

कॅप्टननं एकदा जीपकडं पाहिलं, एकदा आमच्या सगळ्यांकडं. मग खाली बसून बुटांचे बंद सोडले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि वाघाडीत उतरला. सुतारानं बल्लीचं एक टोक त्याच्या खांद्यावर दिलं. जमादारानं शिट्टी वाजवली, आणि ती बाई सांगायला लागली.